वाटेची ताजी खबर

कॅनडातल्या व्हँकूव्हरजवळ ‘अननेसेसरी माउंटन’ नावाचा डोंगर आहे. 2025च्या वसंतात दोघेजण तिथे बर्फात अडकले. पायात सपाट तळव्यांचे बूट, आणि बेत आखलेला गूगल मॅप्स व चॅटजीपीटीच्या भरवशावर. लायन्स बेच्या बचाव पथकाने त्यांना खाली आणलं. खाली शहरात बर्फाचा मागमूस नसला, तरी त्या उंचीवर तो अजून ठाण मांडून होता. नकाशात वाट कळते, पण या आठवड्यात वाटेवर बर्फ किती हे कळत नाही.

ते कळतं नुकत्याच जाऊन आलेल्या माणसाकडून. म्हणूनच डोंगरात जाणारे पूर्वीपासून वृत्तांत लिहीत आले. लंडनच्या अल्पाइन क्लबचं ‘अल्पाइन जर्नल’ 1863 सालचं, ‘हिमालयन जर्नल’ 1929चं. या दुसऱ्याचं संपादन मुंबईच्या हरीश कपाडियांनी अनेक वर्षं केलं. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात लुईस मार्शल यांनी 1966 मध्ये ‘साइनपोस्ट’ हे भटक्यांचं नियतकालिक काढलं. त्यातूनच पुढे वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन उभी राहिली. पूल वाहून गेला, वाटेवर झाड आडवं पडलंय, डास फार आहेत, अशा साध्या नोंदी भटके तिच्याकडे आजही पाठवत असतात.

या ढिगातून नेमकी नोंद काढायची कशी? त्यासाठी आता शोधसाधनं तयार होऊ लागली आहेत, आणि त्यांचं गिऱ्हाईक आहे एआय एजंट. आपण एजंटला विचारतो, ‘येत्या शनिवारी हा घाट चढता येईल का?’ तो प्रश्नाचे तुकडे पाडतो, साधनाकडे एकामागून एक विचारणा करतो, हाती आलेले उतारे वाचतो, हवामानाचा अंदाज वेगळा मागवतो आणि मग उत्तर जुळवतो. अशी साधनं एजंटांना जोडता यावीत म्हणून अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुलं मानक जाहीर केलं.

साधनाच्या पोटात सहसा दोन प्रकारचे शोध चालतात. पहिला शब्दांचा. दुसरा अर्थाचा: प्रत्येक उताऱ्याची आकड्यांची लांबलचक यादी बनवली जाते आणि अर्थाने जवळचे उतारे आकड्यांतही जवळ येतात. ‘उतरताना धोका आहे का?’ या प्रश्नाला ‘घसाऱ्यावर पाय ठरेना, बसत बसतच आलो’ ही नोंद सापडते, दोन्हींत एकही शब्द सारखा नसताना. विशेषनामांपुढे मात्र अर्थाचा शोध अडखळतो. तिथे शब्दांचाच शोध कामाला येतो. म्हणून दोन्हींचे निकाल एकत्र करून त्यांचा नव्याने क्रम लावतात.

खरी परीक्षा तारखेची. वॉशिंग्टनच्या एन्चँटमेंट्स भागात आसगार्ड पास नावाची खिंड आहे. कोल्चक तळ्यापासून मैलभराच्या आत सुमारे दोन हजार फुटांचा चढ. ऑगस्टमध्ये ती दगडधोंड्यांतली दमछाक करणारी चढण असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मात्र बर्फाखालून पाणी वाहत असतं, वरचा थर पोखरलेला असतो आणि पाय पडताच तो आत कोसळू शकतो. ऑगस्टचा वृत्तांत कितीही सुरेख असो, जूनमध्ये जाणाऱ्याला तो खड्ड्यात घालेल. तारखेची चाळणी नसलेलं साधन बिनकामाचंच.

दुसरी परीक्षा ठिकाणाची, आणि तिच्यासाठी सह्याद्रीइतकी पेचाची जागा नाही. ‘भैरवगड’ घ्या. एक मोरोशीचा, माळशेज घाटाच्या वाटेवरचा. त्याच्या उभ्या कातळभिंतीवर दोर लावून चढावं लागतं. एक शिरपुंजेचा, अकोले तालुक्यातला. तिथे चालत जाता येतं. एक कोथळ्याचा, एक हेळवाकचा, कोयनेच्या रानातला. नुसत्या नावावर शोध घेणारं साधन शिरपुंजेच्या गडाचा ‘सोपा ट्रेक’ मोरोशीच्या गडाला चिकटवू शकतं. गाव, तालुका आणि अक्षांश-रेखांश नोंदीला जोडलेले असले तरच हा घोळ टळतो. त्यात आपण कधी देवनागरीत लिहितो, कधी रोमन लिपीत, आणि एकाच गडाचं नाव चार तऱ्हांनी लिहितो.

काही उणिवा साधनाच्या हाताबाहेरच्या आहेत. गड सर झाला की माणूस भरभरून लिहितो, अर्ध्यातून परतला की गप्प बसतो. त्यामुळे वाट आहे त्याहून सोपी भासते. ‘सोपा’ हा शेरा कुणी दिला, मुरलेल्या गिर्यारोहकाने की नवख्याने, तेही कळत नाही. आणि नोंदीत धोक्याचा उल्लेख नाही म्हणजे धोका नाही, असं एजंटने धरून चालणं सर्वांत वाईट. चांगलं साधन उताऱ्यासोबत तारीख आणि मूळ दुवा देतं, आणि काही सापडलं नाही तर तसं स्पष्ट कळवतं. ज्या उत्तरात या गोष्टी नाहीत, त्यावर विसंबून पाठपिशवी भरू नये.

बाकी काम आपलं आहे. आपल्याकडचे गडांचे वृत्तांत इतिहासात रमतात आणि टाक्यातल्या पाण्याला एका ओळीत उरकतात. पुढच्या वेळी गड उतरलात की इतिहासाच्या आधी एवढं लिहा: तारीख, पायथ्याचं गाव, किती वाजता निघालात, कुठल्या टाक्यात पिण्यालायक पाणी होतं, वाट कुठे चुकली. अर्ध्यातून परत फिरला असाल, तर तेही लिहा. पुढच्या माणसाला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होईल.