'कुसीत' : आळसासाठी एक पालि शब्द

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या वरच्या अंगास, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगरउतारावर बांध घालून तयार केलेली भातखाचरे दिसतात. अनेक घरांनी मिळून, एकमेकांच्या शेतात राबून हे काम करण्याच्या रीतीस तेथे 'पडकई' म्हणतात. तरीही "डोंगरातला माणूस आळशी" हे विधान बाजारपेठेत सहज कानी पडते. असा शिक्का आपल्या समाजासही नवा नाही. म्हणून या शब्दाचा विचार करणे अगत्याचे वाटते.

मराठीतील 'आळस' संस्कृत 'आलस्य' या शब्दावरून आला. पालीतही 'आलस्य' आहे. सिगालोवाद सुत्तात फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार भूक लागली आहे, अशा सबबींवर काम टाळणाऱ्या गृहस्थाचे वर्णन या शब्दाने येते. भिक्खूंना केलेल्या उपदेशात मात्र 'कुसीत' आणि त्यावरून झालेला 'कोसज्ज' हे शब्द वारंवार भेटतात.

'कुसीत' म्हणजेच संस्कृत 'कुसीद'. संस्कृतात त्याचा प्रचलित अर्थ व्याजबट्टा असा आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात वैश्याच्या कर्मांत 'कुसीद' सांगितले आहे. एका परंपरेत जो शब्द विहित उपजीविकेचा, तोच बौद्ध वाङ्मयात चित्ताच्या दोषाचा झाला. शब्दाच्या पोटात 'सद्' म्हणजे बसणे हा धातू आहे, अशी एक व्युत्पत्ती देतात. अर्थात एवढ्या सुतावरून स्वर्ग गाठू नये. पालीत कुसीत म्हणजे सावकार नव्हे.

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात कुसीताचे आठ प्रसंग आहेत : काम करावयाचे आहे, काम झाले आहे, प्रवास करावयाचा आहे, प्रवास झाला आहे, भिक्षा अपुरी मिळाली, पोटभर मिळाली, किंचित आजार आहे, नुकताच आजार गेला आहे. प्रत्येक वेळी भिक्खू स्वतःशीच म्हणतो, "जरा आडवा होतो." नेमक्या याच आठ प्रसंगी दुसरा भिक्खू प्रयत्नास लागतो. परिस्थिती तीच, चित्त निराळे. येथे बोलणारा स्वतःविषयी बोलतो, हे विशेष लक्षात घ्यावे. दुसऱ्याच्या श्रमाचा हिशेब मांडणारा कोणी या सुत्तात नाही.

मराठी अनुवादात आलस्य, कोसज्ज आणि पाच नीवरणांतील थीनमिद्ध या तिन्हींसाठी सरसकट 'आळस' लिहिले जाते. थीनमिद्धास 'चित्ताची जडता व सुस्ती' म्हणावे. 'कोसज्ज' साठी 'निरुद्योग' नको, कारण त्या शब्दाने काम न मिळालेला मनुष्यही दोषी ठरतो. 'अनुत्साह' मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.