पोटखराबा कोणी ठरवला?

कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. पण कोयनेचे सगळे पाणी इथवर येत नाही. धरणात अडवलेल्या पाण्याचा मोठा वाटा सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून कोकणात उतरतो आणि त्यावर वीज तयार होते. या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. ज्यांची गावे उठली त्यांच्या पाठीशी मात्र कायदा नव्हता. पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला तो थेट १९७६ साली!

विजेला आमचा विरोध नाही, असूही शकत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी देशाच्या वीज आणि पाणी धोरणाचा पाया घातला. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबीतून सुटका नाही, ही त्यांची मांडणी होती. म्हणून कोळशाऐवजी वाऱ्यावर वीज होत असेल तर आम्ही तिचे स्वागतच करू. प्रश्न एवढाच की, तिची किंमत कोण मोजतो?

पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि ठोसेघरजवळची चाळकेवाडी येथील पठारांवर पवनचक्क्या फिरू लागल्याला पाव शतक होऊन गेले. ही पठारे म्हणजे जांभ्याचे सडे. पीक येत नाही म्हणून महसुलाच्या भाषेत अशी जमीन 'पोटखराबा' किंवा 'पडीक' ठरते. पण पावसाळ्यात त्याच सड्यावर सीतेची आसवे फुलतात, गुरे चरतात आणि तिथे मुरलेले पाणी खालच्या झऱ्यांना लागते. अशाच सड्याचे कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेले. मग शेजारचा सडा खराबा कसा?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडीच्या पठाराचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. पवनचक्क्यांच्या भागात पक्षी घटले, म्हणून सरडे वाढले. पण ते अंगाने रोडावलेले होते. एक कडी काढली की सगळी साखळी हलते. हे असल्यामुळे ते असते, ही तथागतांची शिकवण आणखी काय सांगते?

तरीही २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जेचे नाव नाही. त्यामुळे असा प्रकल्प सहसा पर्यावरणीय जनसुनावणीविनाच उभा राहतो. सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्याशी व्यवहार होतो. सड्यावर शेरडे चारणारा धनगर, सरपण आणणारी भूमिहीन बाई यांना कोण विचारणार? त्यांचे नाव उताऱ्यावर नाही आणि सरड्याचेही नाही. कागदावर नाव नसलेला माणूस आणि जीव दोघेही 'पडीक' ठरतात. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना ही भाषा नवी नाही.

आता पाटण तालुक्यातच तारळी येथे १५०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प प्रस्तावित झाला आहे. जादा विजेने पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची, अशी ही योजना. म्हणजे डोंगराकडे पुन्हा नजर वळली आहे. अशा वेळी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नवा सडा फोडण्याआधी, जुन्या लहान यंत्रांच्या जागीच जास्त क्षमतेची यंत्रे बसवा. केंद्राचे तसे धोरण २०१६ पासून आहे. मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांना पर्यावरणीय तपासणी आणि जनसुनावणी बंधनकारक करा. ग्रामसभेत भूमिहीनांचे म्हणणे लेखी नोंदवा आणि विजेच्या उत्पन्नात गावाला, त्यातही भूमिहीनांना, कायमचा वाटा द्या.

'राज्य आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी असे सुचवले होते. ते झाले नाही. वारा तरी अजून कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेला नाही. तो सर्वांचा आहे, तर त्याच्या विजेचा हिशेबही सर्वांसमोर झाला पाहिजे.