कार्थेजचे एका वर्षाचे सत्ताधारी

फ्रान्समधल्या मार्सेय शहरात एकोणिसाव्या शतकात एक प्यूनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेतला, शिलालेख सापडला. तो मूळचा कार्थेजचा, बाल सफोन या देवाच्या मंदिरातला. बैल, मेंढा किंवा पाखरू बळी दिले तर पुजाऱ्यांनी किती चांदी आणि किती मांस घ्यायचे, याचे दरपत्रक त्यावर कोरले आहे. ज्याच्यापाशी गुरे नाहीत, पाखरे नाहीत, अशा गरिबाकडून काहीच घ्यायचे नाही, असेही त्यात बजावले आहे. हे दर कधी ठरले, तेही लिहिले आहे: अमुक सुफेत पदावर असताना. कार्थेजमध्ये वर्षाची ओळख राजाच्या नावाने होत नसे, निवडून आलेल्या सुफेतांच्या नावाने होत असे.

आजच्या ट्युनिसजवळचे हे बंदर फिनिशियातल्या टायरच्या लोकांनी वसवले, परंपरेनुसार इ.स.पू. 814 मध्ये. दरवर्षी दोन सुफेत निवडले जात. ज्येष्ठांची सभा आणि नागरिकांची सभा बोलावणे, न्यायनिवाडा करणे ही त्यांची कामे. सैन्य मात्र त्यांच्या हाती नसे. सेनापतींची नेमणूक वेगळी होई, आणि हरणाऱ्या सेनापतीला क्रूसावर चढवण्यापर्यंत शिक्षेची मजल जाई. ज्या काळात राज्य करणे म्हणजे फौज बाळगणे असाच अर्थ होता, त्या काळात न्याय आणि तलवार अशी वेगळी ठेवणे ही फार मोठी समज होती.

ॲरिस्टॉटलने आपल्या ‘पॉलिटिक्स’मध्ये ग्रीकेतर राज्यांपैकी कार्थेजच्या घटनेची आवर्जून चर्चा केली. सुफेत आणि ज्येष्ठ यांचे एकमत झाले नाही, तर प्रश्न लोकांपुढे जाई आणि तिथे कुणीही उठून विरोधात बोलू शके. इथे कुणी जुलमी हुकूमशहा झाला नाही, याचे त्याला कौतुक होते. पण गुणांबरोबर संपत्ती पाहून पदे दिली जातात, हे त्याला खटकले. पैसे ओतून पद मिळवणारा ते पैसे वसूल करणारच, हा त्याचा मुद्दा.

तो किती खरा होता, हे इ.स.पू. 196 मध्ये दिसले. त्या वर्षी सुफेत होता हॅनिबल, रोमशी लढलेला सेनापती. झामाच्या लढाईत रोमकडून झालेल्या पराभवानंतर कार्थेजला रोमला 50 वर्षांत 10,000 टॅलेंट चांदी द्यायची होती आणि तिजोरीत खडखडाट होता. खजिन्याच्या एका अधिकाऱ्याला हॅनिबलने बोलावले. तो आलाच नाही. पद संपले की आपण तहहयात न्यायाधीशांच्या मंडळात जाणार, मग सुफेताला कशाला भ्यायचे, अशी त्याची घमेंड. हॅनिबलने त्याला पकडून थेट लोकांच्या सभेपुढे उभे केले आणि कायदा संमत करून घेतला: न्यायाधीश दरवर्षी निवडले जातील, सलग दोन वर्षे कुणी राहणार नाही. मग हिशेब तपासले. सार्वजनिक पैसा बड्या घराण्यांनी खाल्ला होता. तो वसूल केला तर नागरिकांवर नवा कर बसवायची गरजच नव्हती.

खाणाऱ्यांनी रोमकडे चुगली केली, हॅनिबल रोमविरुद्ध कट करतोय म्हणून. रोमचे दूत आले आणि इ.स.पू. 195 मध्ये तो टायरला निसटला. आल्प्स ओलांडणारा हॅनिबल सगळ्यांना ठाऊक आहे. हिशेब मागणारा हॅनिबल तितकाच मोठा आहे.

इ.स.पू. 146 मध्ये रोमने कार्थेज उद्ध्वस्त केले. सुफेत हे पद मात्र इतर प्यूनिक शहरांत उरले. आजच्या लिबियातल्या लेप्टिस माग्ना इथे ऑगस्टसच्या काळात अन्नोबल तपापियस रूफस या सुफेताने स्वखर्चाने बाजार आणि नाट्यगृह बांधले. त्याचे नाव तिथे लॅटिन आणि प्यूनिक अशा दोन्ही भाषांत कोरलेले आहे.