नादारीचा कायदा आणि सामान्य माणूस

व्याख्यान संपले की अध्यक्षांच्या टेबलावर श्रोत्यांच्या चिठ्ठ्या येतात, ही आपल्या वसंत व्याख्यानमालांची जुनी रीत आहे. विषय साहित्याचा किंवा इतिहासाचा असला म्हणजे चिठ्ठीखाली नाव असते, क्वचित हुद्दाही असतो. कर्ज आणि नादारी या विषयावर आम्ही बोललो तेव्हा चिठ्ठ्या पुष्कळ आल्या. पण सही एकीवरही नव्हती, आणि बहुतेकींची सुरुवात 'माझ्या एका स्नेह्याला' अशी होती. त्या वेळी सर्वांना उत्तरे देणे शक्य झाले नाही, म्हणून तेच प्रश्न येथे क्रमाने घेत आहोत. हा स्नेही कोण, हे विचारण्याचे आम्हास कारण नाही.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. 'दिवाळे' या शब्दाबरोबर आपल्या मनात बदनामी येते. देणी भागेनाशी झाली की व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावी आणि त्यावरून बाजाराने काय ते समजावे, असे सांगतात. कायद्याने मात्र 'नादारी' हा शब्द पसंत केला, आणि तो आपल्या अधिक परिचयाचा आहे. शाळेत गरीब विद्यार्थ्याला फीची नादारी मिळे. त्यासाठी बाप अर्जावर आपले उत्पन्न खरे खरे लिहून देई आणि शाळा फी माफ करी. कर्जाच्या नादारीचे मर्मही तेच आहे: आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, ते न्यायालयापुढे खरे लिहून द्यावयाचे आणि त्याच्या मोबदल्यात कायद्याचे संरक्षण घ्यावयाचे. पुढील सर्व उत्तरांत हे एक सूत्र वाचकांस दिसेल.

असा मार्ग नसला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. ज्या १८७५ साली न्या. रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले आणि कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. आज माणूस रोखे जाळीत नाही. तो घरी कोणास न सांगता एका सावकाराचे देणे दुसऱ्याकडून काढून भागवितो, आणि अखेरीस जिवावर उदार होतो. म्हणून ही माहिती वेळेवर असणे अगत्याचे आहे.

*अर्ज कोठे आणि कोणत्या कायद्याखाली करावयाचा?*

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा कायदा आहे व तेथील अर्ज उच्च न्यायालयात चालतात. बाकीच्या गावांना १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू पडतो. तेथे अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा शासनाने ज्या खालच्या न्यायालयास अधिकार दिला असेल तेथे करावयाचा. ऋणको जेथे राहतो किंवा धंदा करतो, तेथलेच न्यायालय धरावे.

येथे एका गैरसमजाचा खुलासा केला पाहिजे. २०१६ साली नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता झाली आणि तीत व्यक्तींसाठीही प्रकरणे आहेत. अगदी गरीब ऋणकोला नव्याने संसार मांडता यावा अशीही एक योजना तीत आहे. परंतु व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो केवळ कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. कापडाचा दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला यांना हे लिहीपर्यंत वरील दोन जुनेच कायदे लागू आहेत. तेव्हा नव्या संहितेच्या नावावर कोणी आगाऊ पैसे घेऊन चार दिवसांत कर्जमाफीचे आश्वासन देत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

*अर्ज कोणाला करता येतो?*

आपली देणी फेडण्यास जो असमर्थ आहे त्याला. मात्र पुढील तीनपैकी एक गोष्ट असली पाहिजे. त्याची देणी ५०० रुपये तरी असावीत, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापायी तो अटकेत असावा, किंवा अशा हुकूमनाम्याने त्याच्या मालमत्तेवर जप्ती आलेली असावी. ५०० रुपयांना १९२० साली काही अर्थ होता. आज ही अट जवळजवळ नावालाच उरली आहे.

धनकोलाही अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी ऋणकोच्या हातून 'नादारीचे कृत्य' घडलेले असावे लागते. धनकोंना चुकविण्यासाठी घर सोडून परागंदा होणे, मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे, 'यापुढे देणी देणार नाही' अशी नोटीस देणे, ही त्याची उदाहरणे होत. धनकोने असा अर्ज कृत्यापासून तीन महिन्यांच्या आत केला पाहिजे.

*अर्जात काय लिहावे?*

सर्व काही. प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम. आपली प्रत्येक मिळकत, तिची किंमत व ती कोठे आहे. पूर्वी असा अर्ज केला होता काय. आणि ही सर्व मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्यास आपण तयार आहोत, ही कबुली. 'मेहुण्याचे देणे घरचेच आहे, ते कशाला लिहा,' असे म्हणून पुष्कळ लोक चूक करतात. घरचे देणेही देणेच असते, आणि ते यादीबाहेर ठेवून गुपचूप फेडणे म्हणजे इतर धनकोंवर अन्याय करणे होय.

*घरातले सर्व जाते काय?*

ही भीती सर्वांत मोठी, आणि पुष्कळ अंशी निराधार आहे. नादार ठरविण्याचा हुकूम झाला की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, हे खरे. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने ज्या वस्तू जप्तीतून वगळल्या आहेत, त्या येथेही वगळल्या जातात. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण; धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नये असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र; कारागिराची हत्यारे; शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि राहते घर; भविष्यनिर्वाह निधी आणि आयुर्विम्याचे पैसे; पगाराचाही मोठा भाग. सुताराचा रंधा आणि शिंप्याचे यंत्र घेऊन त्याला कमाईवाचून बसविण्यात धनकोचाही लाभ नाही, हे कायद्याने ओळखले आहे.

मात्र दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. शहरातल्या बिगरशेतकऱ्याच्या राहत्या घराला असे संरक्षण नाही. आणि घर बँकेकडे गहाण असेल, तर त्या गहाणावरचा बँकेचा हक्क नादारीने बाधित होत नाही. नादारी ही मुख्यतः बिनतारणी देण्यांवरची तोड आहे.

*तगादे आणि तुरुंग यांचे काय?*

हुकूमानंतर नादारीत दाखविता येण्याजोग्या कर्जाबद्दल न्यायालयाच्या परवानगीवाचून धनकोला वेगळा दावा लावता येत नाही, की मालमत्तेवर हात टाकता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो.

तुरुंगाविषयी तर अवास्तव भीती आहे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. पुरुषाला ५,००० रुपयांवरील हुकूमनाम्यात फार तर तीन महिने दिवाणी तुरुंगात ठेवता येते. पण १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ गरिबीमुळे देता आले नाही म्हणून कोणास तुरुंगात घालता येणार नाही. ऐपत असून न देण्याची किंवा लबाडीची वृत्ती दिसली पाहिजे. मात्र न वटलेल्या चेकबद्दलचा फौजदारी खटला नादारीने आपोआप मिटत नाही.

*'घर आधी पत्नीच्या नावे करून मग अर्ज केला तर?'*

शब्द थोडे निराळे, पण ही चिठ्ठी आम्हास चार वेळा आली. उत्तर स्पष्ट द्यावयास हवे: असे करू नये. अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत मोबदला न घेता केलेले हस्तांतर रिसीव्हरला न्यायालयाकडून रद्द करवून घेता येते. अर्जापूर्वी तीन महिन्यांच्या आत एका धनकोला इतरांहून झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेडही उलटविली जाते. मालमत्ता दडविणे, हिशेबाच्या वह्या नाहीशा करणे, खोट्या नोंदी करणे हे गुन्हे असून त्यांना एक वर्षापर्यंत कैद आहे. असे करणारा घर तर गमावतोच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट गमावतो: न्यायालयाचा विश्वास. ज्याच्यापाशी खरेपणाखेरीज देण्यासारखे काही उरलेले नाही, त्याने तोही घालविला, तर कायद्याने त्याला कशाच्या मोबदल्यात सोडवावे?

*पैसे कसे वाटतात आणि सुटका केव्हा होते?*

मासल्यासाठी एक दुकानदार घेऊ. त्याची बिनतारणी देणी १२ लाख. माल विकून आणि उधारी वसूल करून रिसीव्हरच्या हाती ४ लाख आले. त्यांतून प्रथम व्यवस्थेचा खर्च, मग सरकारी देणे व नोकरांच्या पगाराचा कायद्याने ठरविलेला भाग, असे १ लाख गेले. उरलेले ३ लाख १२ लाखांवर सारख्या प्रमाणात वाटावयाचे, म्हणजे रुपयास चार आणे. ज्याचे ८०,००० त्याला २०,०००. मग तो दारात येऊन ओरडणारा असो की मुकाट्याने बसलेला असो.

पुढे, न्यायालयाने दिलेल्या मुदतीत नादाराने मुक्ततेसाठी अर्ज करावा लागतो. पुष्कळ लोक पहिल्या हुकूमावरच समाधान मानून घरी बसतात. मुदत टळली की नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो आणि धनको पुन्हा दारात उभे राहतात. आमच्या दुकानदाराला आणखी एक अडचण आहे. मालमत्ता रुपयास आठ आणेसुद्धा भरत नसेल, तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. मात्र हे आपल्या दोषामुळे घडले नाही, असे त्याने दाखविले तर गोष्ट वेगळी. दुकानास आग लागली, घरात मोठे आजारपण आले, ही कारणे न्यायालय ऐकते. जुगार, सट्टा, उधळपट्टी आणि वह्या न ठेवणे ही विरुद्ध बाजूची कारणे. तेव्हा न्यायालय मुक्तता नाकारते, लांबवते किंवा अटी घालते. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगीची जबाबदारी सुटत नाही.

*जामीनदार आणि मुले यांचे काय?*

ऋणको मुक्त झाला तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. पतपेढीत स्नेह्यासाठी सही करताना हे वाक्य आठवावे. मुलांविषयी मात्र दिलासा आहे. बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या जुन्या हिंदू विधीच्या आधारावर मुलावर नवी वसुली लावण्यास २००५ च्या दुरुस्तीनंतर जागा राहिलेली नाही. बापाच्या पश्चात मुलाकडे जेवढी मिळकत आली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी.

*अब्रूचे काय?*

नादारीची सूचना राजपत्रात छापली जाते. ती लपत नाही. मुक्तता होईपर्यंत खासदार किंवा आमदार होता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा होतो. एवढी बंधने आहेत. पण महिन्याच्या महिन्याला नवा वायदा करून तो मोडणारा आणि गल्ली बदलून चालणारा माणूस कोणती अब्रू राखतो?

शेवटी एक सूचना. नादारी हा पहिला उपाय नव्हे. अर्ज झाल्यावरसुद्धा तडजोडीची वाट खुली असते. ज्यांची कर्जे शाबीत झाली अशा धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीनचतुर्थांश अनुकूल असतील, तर न्यायालय ती मान्य करू शकते. सावकार बिनपरवाना असेल, तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना तेथे विनामूल्य वकील मिळतो.

मात्र या सर्वांच्या आधी एक काम आहे आणि त्याला वकील लागत नाही. रात्री जेवणे झाल्यावर कोरा कागद घ्यावा, घरच्या माणसांना जवळ बसवावे, आणि कोणाचे किती देणे आहे ते एकही आकडा न गाळता लिहून काढावे. चिठ्ठीवर सही नसली तरी चालेल. या कागदावर मात्र ती असावी.