पाठीतली सुई आणि बंद पाकीट

मारुंजीच्या टॉवरमधलं घर असो की गावठाणातलं, ऑपरेशन ठरलं की सर्जनची चौकशी दहा जणांकडे होते. भूल कोण देणार, हे मात्र ओटीच्या दारात कळतं. रुग्णालय मेडिकल कॉलेजचं असेल तर आदल्या संध्याकाळी एखादी रेसिडेंट डॉक्टर कागद घेऊन येते. "काका, आमचा एक अभ्यास चालू आहे, तुम्हाला त्यात घेऊ का?" काका काही बोलायच्या आत मुलगा म्हणतो, "नको. आमच्यावर प्रयोग नको."

हा पहिला गैरसमज. भूलशास्त्रात एमडी करणाऱ्या प्रत्येकाला थिसिस लिहावा लागतो. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात वायसीएम आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहेत आणि पदव्युत्तर शिक्षण दोन्हीकडे चालतं. अशा ठिकाणच्या थिसिसांत सहसा नवं कोरं औषध नसतं. रोज वापरात असलेल्या दोन पद्धती शेजारी ठेवून बघायच्या असतात: एकाच औषधाचे दोन डोस, दोन प्रकारच्या सुया, श्वासनळीत नळी घालायला साधा लॅरिंगोस्कोप की कॅमेऱ्याचा. चाकणला प्रेस मशिनखाली हात सापडलेल्या कामगाराचा फक्त हात बधिर करायचा, तर ती नस सोनोग्राफीवर बघून शोधायची की अंदाजाने, हाही असाच प्रश्न.

"पण चिठ्ठी काढून उपचार ठरवतात म्हणे!" ठरवतात, आणि ते योग्यच आहे. निवड डॉक्टरवर सोडली तर आवडत्या पद्धतीच्या वाट्याला नकळत धडधाकट रुग्ण जातात आणि ती पद्धत उगाच सरस दिसते. म्हणून गट बंद पाकिटात ठेवतात आणि पाकीट आयत्या वेळी उघडतात. अट एकच, दोन्हींपैकी सरस कोणती हे खरोखर ठरलेलं नसावं. एक पद्धत घातक असल्याचं ठाऊक असेल तर नैतिक समिती परवानगी देत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे पाठीतलं इंजेक्शन तुम्हाला चालणार नसेल, तर तुम्हाला अशा अभ्यासात घेतच नाहीत.

नुसत्या अनुभवावर का भागत नाही? मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, 1888 आणि 1889 मध्ये, हैदराबादेत क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधावर दोन आयोग बसले. शेकडो प्राणी वापरून निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर नजर ठेवली की झालं. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयच अचानक बिघडू शकतं. हैदराबादचे डॉक्टर अनुभवात कुणाला हार जाणारे नव्हते, तरी निष्कर्ष चुकला.

आता यंत्रांकडे येऊ. महागडं यंत्र म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज हिंजवडीच्या आसपास विशेष जोरात आहे. मेंदूच्या लहरींवरून भूल किती गाढ आहे ते आकड्यात सांगणारा बीआयएस मॉनिटर घ्या. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तो वापरलेल्या गटात 2 रुग्णांना ऑपरेशनमध्ये शुद्ध आल्याचं आठवलं, न वापरलेल्या गटात 11 जणांना. यंत्र जिंकलं. मग 2008 मध्ये अमेरिकेत त्याची गाठ पडली ती भुलीच्या वायूचं प्रमाण मोजून गजर देणाऱ्या साध्या व्यवस्थेशी. दोन्हीकडे 2-2. 2011 मध्ये सुमारे 6,000 रुग्णांवर हाच सामना झाला तेव्हा बीआयएस गटात 7 आणि वायूच्या गटात 2. यंत्र तेच होतं, समोरचा प्रतिस्पर्धी बदलला होता. म्हणून कुठल्याही यंत्राची जाहिरात वाचताना पहिला प्रश्न हवा: कशाच्या तुलनेत चांगलं? शिरेतल्या औषधांवर भूल ठेवली असेल तर मोजायला वायूच नसतो, तिथे बीआयएसचं महत्त्व राहतंच. आणि महागडं यंत्र कधी सरळ जिंकतंही. 2023 च्या अमेरिकी अभ्यासात अत्यवस्थ रुग्णांना पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचं प्रमाण कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपने 85.1 टक्के होतं, साध्याने 70.8.

सर्वांत चिवट गैरसमज पाठीतल्या सुईबद्दलचे. "सिझरच्या वेळी पाठीत टोचलं, तेव्हापासून कंबर गेली." इंग्लंडमध्ये 369 बाळंतिणींचे चिठ्ठीने दोन गट केले, एकाला पाठीतून एपिड्युरल, दुसऱ्याला इतर वेदनाशामक. दोनेक वर्षांनी विचारलं तर कंबरदुखीत लक्षणीय फरक नव्हता. गरोदरपण, बाळाला वाकून उचलणं, जागरण यांचा हिशेब आपण सुईच्या नावावर मांडतो.

डोकेदुखीची तक्रार मात्र खरी आहे. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं, म्हणून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. इथे तुलनेने पक्कं उत्तर दिलं आहे. 110 चाचण्या आणि 31,412 रुग्ण एकत्र करून 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या विश्लेषणात, धारदार टोकाच्या सुईने 11 टक्क्यांना डोकेदुखी झाली, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुईने 4.2 टक्क्यांना. आपल्या वॉर्डांत भर असतो तो वेगळ्याच गोष्टीवर: चोवीस तास सपाट झोपा, उशी घेऊ नका! उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात पडून राहण्याने ही डोकेदुखी टळल्याचं दिसलेलं नाही. पाय बधिर असेपर्यंत किंवा बीपी उतरलं म्हणून झोपवलं असेल तर तो भाग निराळा.

"म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल झेपत नाही" हेही असंच. खुबा मोडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 1,600 रुग्णांवरचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास 2021 मध्ये आला. साठ दिवसांत दगावलेले किंवा चालू न शकलेले पाठीतल्या भुलीच्या गटात 18.5 टक्के, पूर्ण भुलीच्या गटात 18. फरक नाहीच.

तेव्हा तो कागद पुढे आला की आधी वाचा. मराठीत नसेल तर मराठीत मागा. दोन पद्धती कोणत्या, दोन्ही नेहमीच्या वापरातल्या आहेत का, काही बिघडलं तर उपचाराचा खर्च कोण करणार, हे विचारा. अभ्यासाचा सीटीआरआय नोंदणी क्रमांकही मागा. वैद्यकीय चाचण्यांची ही राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून सर्वांना फुकट बघता येते आणि एप्रिल 2018 पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. पटलं नाही तर नाही म्हणा. नकारामुळे किंवा मध्येच बाहेर पडल्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारात कपात करता येत नाही.