फुटपाथवरचा पुरावा

अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊनच. परंतु त्या लढ्याच्या कडेला उभा असलेला एक माणूस आपल्या लिखाणात क्वचितच येतो. तो काळा किंवा लॅटिन वंशाचा आहे, समलिंगी अथवा पारलिंगी आहे आणि पोटासाठी देहाच्या धंद्यात आहे. त्याचे दुःख म्हणजे तीन दुःखांची बेरीज, असे अभ्यासक सांगतात. मला ते अपुरे वाटते. येथे वर्ण, लिंगभाव आणि धंदा हे एकमेकांचे पुरावे बनतात.

या धंद्याचा एक भाग कॅमेऱ्यापुढे चालतो. तेथे कातडीचा रंग हे मालावरचे लेबल असते. त्याच रंगावर गिऱ्हाईक मिळते आणि त्याच रंगापायी मजुरी कमी पडते. पारलिंगी कलावंतांसाठीच्या एका पुरस्काराचे नाव 2014 पर्यंत चक्क एक शिवी होती! पण खरा प्रश्न रस्त्यावर आहे.

1976 साली न्यूयॉर्क राज्याने एक कायदा केला. वेश्याव्यवसायाच्या हेतूने सार्वजनिक जागी रेंगाळणे हा गुन्हा ठरला. आता हेतू दिसतो कसा? पोलिसाला तो कपड्यांत दिसला, चालण्यात दिसला, वस्तीत दिसला. पकडल्या गेलेल्यांत काळ्या आणि लॅटिन स्त्रियाच बहुसंख्य. आणि जन्मतः पुरुष ठरवलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या पारलिंगी स्त्रियांवर तर पोलिसांची खास नजर. दुकानात निघालेली, धंद्याशी संबंध नसलेली बाईसुद्धा सापडे. लोक या कायद्याला ‘पारलिंगी असून चालण्याचा गुन्हा’ म्हणत. पर्समधला निरोधही पुरावा ठरे. शहराचे आरोग्य खाते निरोध फुकट वाटत होते आणि त्याच शहराचे पोलीस तो जप्त करत होते. 2014 साली पोलिसांनी या प्रथेला थोडा आळा घातला. कायदा रद्द व्हायला मात्र फेब्रुवारी 2021 उजाडला. म्हणजे 45 वर्षे.

आपल्या वाचकाला हे परके वाटू नये. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात जमातींच्या नोंदीबरोबर हिजड्यांच्या नोंदीचाही एक भाग होता. नोंदलेला हिजडा स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला, एवढ्यावर त्याला वॉरंटाशिवाय अटक करता येई. कृत्य सिद्ध करण्याची गरजच नव्हती.

लेलीन पोलांको ही 27 वर्षांची आफ्रिकी-लॅटिन वंशाची पारलिंगी स्त्री. देहविक्रयाच्या जुन्या किरकोळ खटल्यात तारखा चुकल्या आणि 2019 साली सुमारे 500 डॉलरच्या जामिनाअभावी ती रायकर्स बेटावरच्या तुरुंगात अडकली. तिला अपस्माराचा आजार होता. तरी तिला एकांत कोठडीत ठेवले. 7 जून रोजी झटका येऊन ती तेथेच गेली. शहराने पुढे कुटुंबाला 59 लाख डॉलर दिले. जामीन होता 500 चा.

दरम्यान, 2018 साली मानवी व्यापार रोखण्याच्या नावाखाली संघराज्याने नवा कायदा केला आणि जाहिरातींची संकेतस्थळे बंद पडली. गिऱ्हाइकाची आधी चौकशी करण्याची सोय गेली. ज्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते, त्या पुन्हा त्याच फुटपाथवर आल्या.

यांना आपले म्हणणारे कोण? सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा जॉन्सन या दोघींनी 1970 साली न्यूयॉर्कमध्ये बेघर पारलिंगी पोरांसाठी आसरा उभा केला. त्याचे भाडे त्या स्वतः धंदा करून भरीत, पोरांना रस्त्यावर उभे राहावे लागू नये म्हणून. 1973 च्या मोर्चानंतरच्या सभेत रिव्हेरा तुरुंगातल्या आपल्या माणसांविषयी बोलायला मंचावर चढली, तेव्हा तिची हुर्यो उडवणारे पोलीस नव्हते. समलिंगी मुक्तीसाठी जमलेलेच लोक होते ते.