अठ्ठावीसचा टायर आणि अरुंद रिम

पावसाळा ओसरला की कल्याण, डोंबिवली, ठाण्याकडील सायकलस्वारांचे जथे पहाटेच शहापूर-मुरबाडच्या वाटेला लागतात. कुणी माहुलीच्या पायथ्याशी जातो, कुणी शहापूरहून किन्हवली, सरळगाव करीत मुरबाड गाठतो, तर कुणाचे डोळे थेट माळशेज घाटाकडे लागलेले असतात. अलीकडे या जथ्यांत जुन्या सायकलीही दिसू लागल्या आहेत. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली वडिलांची किंवा आजोबांची सायकल काढायची, गंज घासायचा, रंग द्यायचा आणि हौसेने बाहेर पडायचे. या साऱ्या खटाटोपात टायरचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

प्रस्तुत लेखकालाही हा घोटाळा भोवला आहे. अरुंद रिमच्या जुन्या स्पोर्ट सायकलचा मागचा टायर मुरबाड तालुक्यातील एका रस्त्यावर फाटला. जवळच्या दुकानात विचारणा करताच उत्तर मिळाले, ''साहेब, अठ्ठावीसचाच आहे. बसंल बरोबर.'' टायर बसलाही, आणि तोही लोखंडी पट्टी न लावता, नुसत्या हाताने. खरे तर तेव्हाच शंका यायला हवी होती. दीड-दोन किलोमीटरवर चाक एका बाजूने फुगले, टायरची कड रिमबाहेर आली आणि ट्यूब बार उडावा तशी फुटली. रस्ता सपाट होता म्हणून निभावले. घाटाच्या उतारावर हे घडते तर?

दुकानदार खोटे बोलला नव्हता. टायर अठ्ठावीसचाच होता आणि रिमही अठ्ठावीसचीच होती. पण सायकलच्या जगात 'अठ्ठावीस' हे एक माप नाही. गावोगावच्या दुधाच्या कॅन आणि गवताचे भारे वाहणाऱ्या आपल्या दणकट सायकलींना लागतो तो '२८ बाय दीड' टायर. टायरच्या कडेतील तार रिमवर जेथे टेकते, तेथील व्यास या टायरचा ६३५ मिलिमीटर असतो. स्पोर्ट सायकलींच्या '७०० सी' चाकालाही अठ्ठावीसच म्हणतात; परंतु तेथे हाच व्यास ६२२ मिलिमीटर. फरक केवळ १३ मिलिमीटरचा वाटतो, पण परिघात तो सुमारे चार सेंटिमीटर होतो. एवढी सैल तार हवेच्या दाबापुढे टिकणार कशी? गंमत अशी की, जुन्या रेसिंग सायकलींच्या '२७ बाय सव्वा' टायरचा व्यास ६३० मिलिमीटर, म्हणजे नावाने लहान असलेला सत्तावीस एका अठ्ठावीसपेक्षा मोठा! सव्वीसच्या मापांतही असाच गोंधळ आहे.

यावर उपाय म्हणजे इंचांचा आकडा विसरून टायरच्या बाजूला उठवलेले दुसरे माप वाचणे. '४०-६३५' किंवा '२८-६२२' अशी ही जोडी असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा तारेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. युरोपातील टायर-रिम उत्पादकांच्या संघटनेने रूढ केलेली ही पद्धत पुढे आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकातही आली. व्यासाच्या बाबतीत तडजोड नाही. तो तंतोतंत जुळलाच पाहिजे.

रुंदीच्या बाबतीत थोडी मोकळीक असते, पण तिलाही मर्यादा आहे. टायर काढून रिमच्या दोन कडांमधील आतले अंतर मोजावे. टायर त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट रुंद असावा, हा जुन्या रिमसाठी सुरक्षित अंदाज. आतून १३ मिलिमीटर असलेल्या रेसिंग रिमला २० ते २५चा टायर शोभतो. १७ मिलिमीटरच्या रिमला २५ ते ३४चा. (नव्या मानकांनी याहून रुंद टायरांनाही मुभा दिली आहे, पण आपली रिम नव्या मानकांसाठी घडलेली नाही, हे विसरू नये.)

खड्डे चुकवण्यासाठी जाड टायर घालण्याचा मोह किन्हवलीच्या रस्त्यावर कुणालाही होईल. परंतु अरुंद रिमवर जाड टायर विजेच्या दिव्यासारखा, बुडाशी चिंचोळा व वर फुगीर दिसतो. वळणावर तो आडवा लचकतो. हवा थोडी जरी उतरली तरी सायकल डोलू लागते. शिवाय तो ब्रेकच्या जबड्यातून, चिमट्यातून व मडगार्डखालून न घासता जायला हवा. रिमवरील ताणाचा मुद्दा तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. हवेचा दाब तोच ठेवून टायर रुंद केला, तर त्याच्या कापडावरील ताण रुंदीच्या प्रमाणात वाढतो व रिमच्या कडा बाहेर ओढल्या जातात. २५च्या टायरमध्ये १०० पीएसआय हवा भरत असाल, तर तेवढाच ताण ३२च्या टायरमध्ये ७८ पीएसआयलाच येतो. म्हणून टायर रुंद, तर हवा कमी. जुन्या अनेक रिमच्या कडा सरळ असतात, टायर अडकवणारा आकडा त्यांना नसतो. तेथे जादा हवा अधिकच घातक.

उलट चूकही होते. दांड्यांच्या ब्रेकच्या दणकट सायकलीला रुंद 'वेस्टवूड' रिम असते. तिचे ब्रेक रिमच्या बाजूला नव्हे, तर आरे निघतात त्या आतल्या अंगाला दाबतात. सायकल हलकी व्हावी म्हणून तिला बारीक टायर शोधणाऱ्यांनी तो नाद सोडावा. ६३५च्या मापात ४० मिलिमीटरचाच टायर सर्वसाधारणपणे मिळतो, आणि त्या रिमला योग्यही तोच. रिमच बदलायची, तर आधी आरे मोजावेत. इंग्लिश धाटणीच्या या सायकलींत पुढे ३२ व मागे ४० आरे असतात. एका चाकाची रिम दुसऱ्याला चालत नाही.

मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, तो इतिहासजमा झाला. ॲटलसचा साहिबाबादचा अखेरचा कारखानाही ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. साध्या सायकलीचा टायर आजही सहज मिळतो. अडचण '२७ बाय सव्वा'वाल्यांची आहे. त्यांनी घराबाहेर पडतानाच एक जादा टायर घडी करून कॅरिअरला बांधावा आणि त्यावरील ६३० हा आकडा निघण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचून घ्यावा.